बदलतें हवामान आणि लोकांची समजूत

हवापाणी हा मनुष्याच्या संभाषणांतील सर्वांत जुना विषय असावा. आगगाडीच्या डब्यांत दोन अपरिचित माणसें समोरासमोर बसलीं, म्हणजे पहिलें वाक्य बहुधा उकाड्याविषयीं असतें आणि दुसरें पावसाविषयीं. अलीकडे ह्या संभाषणांत तिसरें एक वाक्य हटकून येऊं लागलें आहे: “पूर्वीं असें नव्हतें, निसर्गच बदलला.” घरांतील वडील मंडळी तें म्हणतात, दारावर येणारी भाजीवाली म्हणते, कचेरींतील सहकारी म्हणतात, आणि ऐकणारा मान डोलावतो. वाद होत नाहीं. मात्र मान डोलावून झाल्यावर दुसरें कांहींच होत नाहीं. हीच गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

हवामान बदलत आहे हें लोकांना पटत नाहीं, अशी तक्रार पुष्कळदां ऐकूं येते. भारतापुरती तरी ती खरी दिसत नाहीं. अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या अभ्यासकांनीं २०२१-२२ सालीं भारतांत एक पाहणी केली. ह्या विषयाचा अर्थ थोडक्यांत समजावून दिल्यावर, पृथ्वी तापत आहे काय, ह्या प्रश्नास शंभरांपैकीं ८४ जणांनीं ‘होय’ असें उत्तर दिलें, आणि ८१ जणांनीं आपणांस त्याची काळजी वाटते असें सांगितलें. परंतु हें तापणें मुख्यतः माणसाच्या कृतींमुळें आहे असें म्हणणारे ५७ च निघाले. म्हणजे विश्वास आहे, काळजी आहे. पण काय बदललें, किती बदललें आणि कशामुळें बदललें, ह्याविषयींची समजूत अंधुक आहे. अंधुक समजुतीचा धोका असा कीं, तिच्या आड पुष्कळ गोष्टी लपूं शकतात. “निसर्ग बदलला” हें वाक्य जितकें खरें आहे, तितकेंच तें सोयीचेंहि आहे. त्यांतील खरा भाग कोणता आणि सोयीचा कोणता, हें निवडून पाहिलें पाहिजे.

पहिली अडचण स्मृतीची आहे. मनुष्याची स्मृति हें हवामान मोजण्याचें फार बेभरवशाचें साधन होय. लहानपणचा पाऊस मोठा वाटतो, कारण त्या वेळीं माणूस लहान असतो. लहानपणचा उन्हाळा सुखाचा वाटतो, कारण त्यांत शाळेला सुट्टी असते. शिवाय मधल्या काळांत घरहि बदललेलें असतें. शेणानें सारवलेली जमीन आणि कौलें जाऊन सिमेंटचें छप्पर आलें, अंगणांतील झाड गेलें, समोरचा मातीचा रस्ता डांबरी झाला. त्या घरांत आज जो उकाडा होतो, तो पृथ्वी तापल्यामुळें कीं छप्पर तापल्यामुळें, हें स्मृतीला सांगतां येत नाहीं. पंचांगाचेंहि कांहींसें तसेंच आहे. मृग लागला कीं पाऊस, ही पिढ्यान् पिढ्यांची समजूत; परंतु आपल्या निरयन गणनेप्रमाणें सूर्याचा नक्षत्रप्रवेश ऋतूंच्या मानानें सुमारें ७२ वर्षांनीं एक दिवस पुढें सरकत असतो. पणजोबांच्या वेळचा मृग आणि आजचा मृग ह्यांत दिवस-दोन दिवसांचें जें अंतर पडतें, तें आकाशांतील गणिताचें असतें. ढगांचा त्यांत दोष नसतो.

म्हणून ह्या प्रकरणांत साक्षीदार म्हणून उभी करावयाची ती नोंदवही. मुंबईस कुलाब्याला ईस्ट इंडिया कंपनीनें १८२६ सालीं वेधशाळा स्थापन केली. भारतीय हवामानखातें १८७५ सालीं निघालें आणि त्याची मुख्य कचेरी १९२८ सालीं सिमल्याहून पुण्यास आली; शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीस पुणेकर अजूनहि ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. पुढें मुख्य कचेरी दिल्लीस गेली, पण नांव राहिलें. रोज ठराविक वेळीं पर्जन्यमापकांतील पाणी मोजावयाचें, पारा वाचावयाचा आणि आंकडा वहींत लिहावयाचा, हें काम दिसावयास अगदीं नीरस आहे. तें करणाऱ्या कित्येक पिढ्यांना आपल्या आंकड्यांवरून पुढें कोणता प्रश्न सोडविला जाणार आहे, ह्याची कल्पनाहि नव्हती. त्यामुळेंच त्यांची साक्ष निःपक्षपाती ठरते.

ही नोंदवही वाचतांना एक भेद ध्यानांत ठेवावा लागतो. हवा म्हणजे आज काय घडलें तें. हवामान म्हणजे साधारणपणें तीस वर्षांच्या नोंदींतून दिसून येणारा हवेचा स्वभाव. एखादा शांत गृहस्थ एके दिवशीं रागावला, तर त्याचा स्वभाव बदलला असें कोणी म्हणत नाहीं. तो वरचेवर रागावूं लागला, तरच घरचीं माणसें कारण शोधूं लागतात. २०२५ सालीं मोसमी पाऊस मुंबईंत २६ मे रोजीं दाखल झाला. त्याची नेहमींची तारीख ११ जून. पंधरवडाभर अगोदर आलेला पाऊस पाहून अनेकांच्या तोंडून ‘हवामानबदल’ हा शब्द निघाला. परंतु एवढ्या एका वर्षावरून तसें म्हणतां येत नाहीं. एखाद्या वर्षीं पाऊस उशिरां आला, कीं तोच माणूस साऱ्या विषयाविषयींच साशंक होतो. एका वर्षाच्या आधारावर बसविलेला विश्वास दुसऱ्या एका वर्षानें ढांसळतो.

तर मग शंभर-सव्वाशें वर्षांच्या नोंदी काय सांगतात? केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयानें २०२० सालीं भारतापुरता एक समग्र अहवाल प्रसिद्ध केला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं त्याच्या कामांत पुढाकार घेतला होता. त्या अहवालाप्रमाणें १९०१ ते २०१८ ह्या काळांत भारताचें सरासरी उष्णतामान सुमारें ०.७ अंश सेल्सियसनें वाढलें. हिंदी महासागराच्या उष्ण कटिबंधांतील पृष्ठभागाचें पाणी १९५१ ते २०१५ ह्या काळांत सुमारें १ अंशानें तापलें. जगांतील सर्व समुद्रांची सरासरी वाढ त्याच काळांत ०.७ अंश होती. पावसाळ्याच्या चार महिन्यांतील एकंदर पाऊस ह्याच मुदतींत सुमारें ६ टक्क्यांनीं घटला, आणि ही घट गंगेच्या मैदानांत व आपल्या पश्चिम घाटांत विशेष दिसली. उलट, मध्य भारतांत एका दिवसांत १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळण्याचे प्रसंग सुमारें ७५ टक्क्यांनीं वाढले. उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१७ ह्या काळांत दर वर्षीं सुमारें ३.३ मिलिमीटरनें चढत गेली. अहवालानंतरची भर म्हणजे, १९०१ पासूनच्या नोंदींत २०२४ हें भारतांतील सर्वांत उष्ण वर्ष ठरलें. साऱ्या पृथ्वीचें सरासरी उष्णतामानहि त्या वर्षीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतल्यापेक्षां सुमारें दीड अंशानें अधिक भरलें.

‘०.७ अंश’ हा आंकडा ऐकून सुशिक्षित माणसालाहि हंसूं येतें. सकाळपासून दुपारपर्यंत पारा दहा अंश चढतो. तेथें पाऊण अंशाचें काय कौतुक? पण सरासरीचा अंश आणि दुपारचा अंश हे एका मापाचे नव्हेत. अंगावरून थंड वारा गेला किंवा ऊन लागलें, तरी शरीराचें उष्णतामान ३७ च्या आसपासच राहतें. तें एका अंशानें वाढलें कीं घरांत धांवपळ सुरू होते, कारण तो एक अंश त्वचेवरचा नसून रक्ताचा असतो. देशाच्या सरासरीचा अंश असाच रक्ताचा अंश आहे.

हें तापणें कशामुळें, ह्याचें उत्तर नवें नाहीं. हिंवाळ्यांत आकाश निरभ्र असलें म्हणजे पहाटे कडाक्याची थंडी पडते, आणि अभ्रें आलीं कीं थंडी पळते, हा अनुभव घरोघर आहे. जमिनीनें दिवसा घेतलेली उष्णता रात्रीं आकाशांत निघून जात असते. अभ्रें तिला अडवितात. डोळ्यांना न दिसणारे कांहीं वायुहि हेंच काम करितात. कर्बाम्ल वायु, म्हणजेच आपण ज्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतों तो, आणि पाण्याची वाफ उष्णता अडवितात, हें जॉन टिंडाल ह्या शास्त्रज्ञानें १८५९ सालीं प्रयोगानें दाखविलें. स्वीडनमधील स्वांते आऱ्हेनियस ह्यांनीं १८९६ सालीं, हवेंतील कर्बाम्ल वायु दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल, ह्याचें गणितहि करून ठेवलें. कोळसा, घासलेट, पेट्रोल जाळलें कीं हा वायु निर्माण होतो. कारखानदारी सुरू होण्यापूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत त्याचे सुमारें २८० भाग होते. चार्ल्स कीलिंग ह्यांनीं हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर १९५८ सालीं मोजमाप सुरू केलें, तेव्हां ते सुमारें ३१५ भरले. २०२४ सालीं तीच सरासरी सुमारें ४२४ होती. पांघरूण इतकें जाड झाल्यावर आंतील माणसाला उकडलें, तर त्यांत गूढ असें कांहींच नाहीं.

पाऊस घटला आणि अतिवृष्टि वाढली, हीं दोन विधानें प्रथमदर्शनीं परस्परविरुद्ध वाटतात. तशीं तीं नाहींत. हवा एका अंशानें तापली कीं ती सुमारें ७ टक्के अधिक बाष्प धरूं शकते. तापलेल्या समुद्रावरून येणारा वारा हा मोठी पखाल घेऊन निघालेल्या भिस्त्यासारखा असतो. ती पखाल भरावयास वेळ लागतो, म्हणून मधले दिवस कोरडे जातात; आणि ती ओतली, म्हणजे एकदम ओतली जाते. एकंदर पाऊस घटण्याला आणखी एक कारण शास्त्रज्ञ देतात. धूर आणि धुरळ्याचे कण सूर्यप्रकाश अडवितात. त्यामुळें भूमि समुद्राच्या मानानें जितकी तापावयास हवी तितकी तापत नाहीं, आणि मोसमी वाऱ्यांना ओढून आणणारी शक्ति उणी पडते. भारताची उष्णता जगाच्या मानानें कमी वाढलेली दिसते, त्याच्याहि कारणांत हा धूर आहे. म्हणजे एक दोष दुसऱ्या दोषाला झांकीत आहे. धूर निवळला, जसा तो लोकांच्या फुप्फुसांसाठीं निवळलाच पाहिजे, तर आज झांकलेली उष्णता उघडी पडेल.

ह्या सर्वांचा अनुभव कोंकणच्या किनाऱ्यानें घेतला आहे. वादळें बंगालच्या उपसागरांत व्हावयाचीं आणि अरबी समुद्रानें त्या मानानें शांत राहावयाचें, अशी जुनी समजूत होती, आणि ती बऱ्याच अंशीं खरीहि होती. परंतु पुण्याच्याच शास्त्रज्ञांच्या एका अभ्यासांत असें दिसून आलें कीं, १९८२ ते २००० ह्या काळाच्या तुलनेनें २००१ ते २०१९ ह्या काळांत अरबी समुद्रांतील चक्रीवादळांची संख्या सुमारें ५२ टक्क्यांनीं वाढली. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ ह्याच नांवाचें चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें. श्रीवर्धन, मुरूड, दापोली ह्या भागांतील नारळी-पोफळीच्या वाड्या त्यानें कांहीं तासांत आडव्या केल्या. धान्याचें पीक बुडालें तर पुढच्या वर्षीं पुन्हां पेरतां येतें. पोफळ मात्र लावल्यापासून सुपारी धरावयास कित्येक वर्षें जातात, आणि म्हाताऱ्या माणसानें ती लावावी ती नातवासाठीं. रोठा सुपारीसाठीं नांवाजलेल्या श्रीवर्धनांत त्या दुपारीं जें पडलें, तें एका हंगामाचें उत्पन्न नव्हतें. एका पिढीनें दुसरीसाठीं ठेवलेलें भांडवल होतें. वर्षभराच्या आंत, १७ मे २०२१ रोजीं, ‘तौक्ते’ हें दुसरें मोठें वादळ ह्याच किनाऱ्यालगत गुजरातकडे गेलें.

येथवर “निसर्ग बदलला” ह्या वाक्यांतील खरा भाग झाला. आतां सोयीचा भाग पाहूं. त्यासाठीं दोन दिवस आठवावे लागतील.

पहिला दिवस २६ जुलै २००५. त्या दिवशीं मुंबईच्या सांताक्रुझ वेधशाळेंत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच शहरांत कुलाब्याला शंभर मिलिमीटरहि पडला नाहीं. उपनगरांत शेंकडों माणसें दगावलीं. इतका पाऊस जगांतील कोणत्याहि शहराच्या गटारांना पेलला नसता, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. परंतु मुंबईचीं पर्जन्यजलाचीं गटारें ताशीं सुमारें २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबानें बांधलेलीं होतीं, आणि ही शक्ति दुप्पट करावी असें महापालिकेसाठीं तयार झालेल्या अहवालानें १९९३ सालींच सुचविलें होतें. बारा वर्षांनंतरहि तें काम बव्हंशीं कागदावरच होतें. मिठी नदीच्या पात्रांत भराव पडले होते, काठ आंवळले गेले होते, पाणथळ जागांवर बांधकामें उभीं होतीं. पाऊस आभाळांतून आला. पण त्याची वाट आभाळानें बुजविली नव्हती.

दुसरा दिवस १६ एप्रिल २०२३. नवी मुंबईंत खारघर येथें एका सार्वजनिक समारंभासाठीं लाखों लोक उघड्या मैदानावर भर दुपारपर्यंत बसले होते. उष्माघातानें त्यांतील १४ जण मरण पावले. त्या भागांत पारा सुमारें ३८ अंशांवर होता. नागपूरचा माणूस एवढ्याला उन्हाळाहि म्हणणार नाहीं. परंतु समुद्राकांठच्या हवेंत ३८ अंश ही वेगळी गोष्ट आहे. शरीर थंड राहतें तें घाम वाळल्यामुळें. हवा आधींच बाष्पानें भरलेली असली, म्हणजे घाम अंगावर निथळतो पण वाळत नाहीं, आणि शरीराची उष्णता आंतच कोंडते. भारत व बांगला देश ह्यांतील त्या महिन्याची दमट उष्णतेची लाट मानवी कृतींमुळें किमान तीस पट अधिक संभवनीय झाली होती, असा निष्कर्ष अनेक देशांतील शास्त्रज्ञांच्या एका गटानें काढला. म्हणजे त्या उन्हांत माणसाचा हात होता, हें ठरलें. परंतु मैदानावर छाया नसणें आणि सूर्य माथ्यावर येईपर्यंत लोकांना तेथें बसविणें, ह्या गोष्टी पृथ्वीच्या तापण्यानें ठरविल्या नव्हत्या.

ह्या दोन्ही दिवसांचा हिशोब एका वहींत मांडला, तर तो चुकतो. सर्व दोष हवामानाच्या खात्यावर लिहिला, म्हणजे नाला न उपसणारा, पात्रांत भराव टाकणारा, डोंगराची कड कापून इमारत चढविणारा, हे सर्व निर्दोष सुटतात. सर्व दोष व्यवस्थेच्या खात्यावर लिहिला, म्हणजे एकदां गटारें नीट झालीं कीं काम संपलें असें वाटतें; मग गटार ज्या पावसासाठीं बांधलें तो पाऊसच आतां जुन्या मापाचा राहिलेला नाहीं, ह्याकडे दुर्लक्ष होतें. खरें पाहतां पहिलें खातें वाढलें, म्हणून दुसऱ्या खात्यांतील कसूर अधिक महाग पडूं लागली आहे. पूर्वीं जो निष्काळजीपणा खपून जाई, तो आतां खपत नाहीं.

लोकांच्या बोलण्यांत ह्या विषयावर तीन तऱ्हा आढळतात. पहिली तऱ्हा अशी: “असें चक्र पूर्वींहि फिरत असे, दुष्काळ काय, पूर काय, नवीन कांहींच नाहीं.” हवामान पूर्वीं बदललें होतें, हें खरें. परंतु सध्यांच्या बदलाचें कारण सूर्य असतें, तर वातावरणाचे खालचे-वरचे सर्वच थर तापले असते. प्रत्यक्षांत जमिनीलगतची हवा तापत आहे आणि उंचावरील थर निवत आहेत. पांघरुणाच्या आंत ऊब आणि बाहेर गारवा, असाच हा प्रकार आहे. सूर्याची प्रखरताहि १९७८ पासून उपग्रहांवरून मोजली जात आहे, आणि तींत हें तापणें घडवून आणील अशी वाढ आढळलेली नाहीं. दुसरी तऱ्हा ह्याच्या उलट: घडेल ती प्रत्येक गोष्ट हवामानबदलाच्या माथीं मारावयाची. तिचा परिणाम वर आलाच आहे.

तिसरी तऱ्हा सुशिक्षित घरांत अधिक आढळते: “हें पाप पाश्चात्यांचें; आपण काय करणार?” ह्या म्हणण्यांत न्याय आहे. वर्षाला दर माणशीं कर्बाम्ल वायु सोडण्याचें भारतीयाचें प्रमाण सुमारें २ टन आहे. अमेरिकन माणसाचें त्याच्या सुमारें सातपट. आजवर हवेंत सांठलेल्या वायूंत तर आपला वांटा आपल्या लोकसंख्येच्या मानानें फारच लहान आहे. हा मुद्दा जगाच्या सभांत मांडलाच पाहिजे. परंतु दोन टन ही सरासरी आहे. ज्या घरांत दोन मोटारी आणि चार वातानुकूलन यंत्रें आहेत, त्या घरानें चुलीवर भाकरी भाजणाऱ्या घराची सरासरी ढालीसारखी पुढें करणें योग्य नव्हे. वातानुकूलन यंत्र खोलींतील उष्णता नाहींशी करीत नाहीं. ती बाहेरच्या गल्लींत टाकतें, आणि त्या गल्लींत हातगाडीवाला उभा असतो. शिवाय दोष कोणाचाहि असो, श्रीवर्धनच्या वाडींत शिरणारें वादळ दोष कोणाचा हें विचारून शिरत नाहीं.

आणि “आपण काय करणार” ह्याचें उत्तर शेजारच्याच शहरानें देऊन ठेवलें आहे. मे २०१० मध्यें अहमदाबादेंत उष्णतेची भयंकर लाट आली. त्या महिन्यांत नेहमींपेक्षां १,३४४ मृत्यु अधिक झाले, असें पुढें नोंदींवरून दिसून आलें. बहुतेक मृत्युदाखल्यांवर ‘ऊन’ हें कारण नव्हतेंच. नोंदवही उघडल्यावर तें समजलें. त्यानंतर तेथील महापालिकेनें तज्ज्ञांच्या मदतीनें २०१३ सालीं उष्णतेविषयींची एक कार्ययोजना अमलांत आणली. तींत कोणतेंहि अद्भुत यंत्र नव्हतें. लाट येणार असली तर कांहीं दिवस अगोदर इशारा द्यावयाचा. चौकाचौकांत पिण्याचें पाणी ठेवावयाचें. इस्पितळांतील डॉक्टर-परिचारिकांना उष्माघात ओळखण्याचें शिक्षण द्यावयाचें. उन्हांत काम करणाऱ्यांच्या वेळा बदलावयाच्या. गरिबांच्या छपरांना पांढरा रंग द्यावयाचा. ह्या योजनेमुळें वर्षाला सरासरी सुमारें १,१९० मृत्यु टळले असावेत, असा अंदाज २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत केला आहे. ऊन कमी झालें नव्हतें. माणसें कमी मेलीं. ओरिसाच्या किनाऱ्यावर १९९९ च्या महावादळांत सुमारें दहा हजार माणसें गेलीं. २०१३ सालीं ‘फायलिन’ हें अतितीव्र वादळ त्याच किनाऱ्यावर आलें, तेव्हां लाखों लोकांना आधींच हलविल्यामुळें बळींची संख्या शंभराच्याहि आंत राहिली.

अर्थात् पांढरीं छपरें आणि इशारे हे ताप उतरविणारे उपाय नव्हेत. ते तापांत माणूस वांचविणारे उपाय आहेत. ताप उतरावयाचा तर कोळसा व तेल जाळणें उणें केलें पाहिजे, आणि तें काम एका घराचें किंवा एका शहराचें नाहीं. परंतु दोन्ही कामांची सुरुवात एकाच ठिकाणीं होते, ती म्हणजे नेमकें बोलण्याची संवय. “निसर्ग बदलला” असें कोणी म्हणालें, तर मान डोलावण्यापूर्वीं दोन प्रश्न विचारावे. किती बदलला, हा पहिला. त्याचें उत्तर वेधशाळेच्या वहींत आहे. आणि बदलणार हें ठाऊक असतांना कोणाचें कोणतें काम राहून गेलें, हा दुसरा. त्याचें उत्तर नगरपालिकेच्या वहींत, मंडळाच्या वहींत, आणि कधीं कधीं आपल्याच घराच्या गच्चीवर आहे. पावसाळा दर वर्षीं येतो. दोहोंपैकीं निदान एका प्रश्नाचें उत्तर पुढच्या पावसाळ्यापूर्वीं मिळालें, तरी हवापाण्याच्या गप्पा व्यर्थ गेल्या असें म्हणतां येणार नाहीं.